गुलटेकडीचा भाव आणि ताटाची किंमत

पुण्यात तुम्ही कुठेही जेवा, तुमच्या पानातला कांदा बहुतेक वेळा गुलटेकडीवरून आलेला असतो. टिळक रोडच्या बादशाहीत नाव लिहून नंबराची वाट बघा, डेक्कनच्या गुडलकमध्ये बसा, कोरेगाव पार्कात मंद उजेडात जेवा, नाहीतर स्वारगेटला गाडीपाशी उभ्यानं भजी खा; कांदा, बटाटा, टोमॅटो, आलं, लसूण आणि कोथिंबीर यांचा रस्ता बहुधा मार्केट यार्डातूनच जातो. माल एकाच आवारातून निघतो. तरी एकीकडे शंभराच्या आतबाहेर पोट भरतं आणि दुसरीकडे दोघांचं बिल चार हजारांवर जातं. मधल्या वाटेवर काय काय होतं, ते एकेक टप्पा घेऊन पाहू. माझं म्हणणं आधीच सांगून ठेवतो : जेवण जितकं स्वस्त, तितकं ते यार्डातल्या भावाला घट्ट बांधलेलं असतं. महाग जेवणाची किंमत ठरवणाऱ्या गोष्टी यार्डाच्या बाहेर असतात.

आधी जागेची ओळख. पुण्याचा घाऊक भाजीबाजार पूर्वी मंडईत भरायचा. १८८६ साली ‘रे मार्केट’ म्हणून उघडलेली ती दगडी इमारत आज महात्मा फुले मंडई म्हणून आपल्याला ठाऊक आहे. धान्य, गूळ, मिरची-मसाल्याचा घाऊक व्यापार नाना पेठ, भवानी पेठेच्या गल्ल्यांत होता. शहर वाढलं, पेठांत ट्रक वळेनासे झाले आणि हा सगळा पसारा टप्प्याटप्प्यानं गुलटेकडीच्या माळावर आला. पुणे कृषी उत्पन्न बाजार समिती १९५७ सालची. तिच्या या आवाराचं अधिकृत नाव श्री छत्रपती शिवाजी मार्केट यार्ड. फळं, फळभाज्या, पालेभाज्या, कांदा-बटाटा, फुलं आणि गूळ-भुसार असे वेगवेगळे विभाग इथे आहेत. म्हणजे एखाद्या खानावळीला लागणारं तेल, तांदूळ, तूरडाळ, ज्वारी, मिरची आणि भाजी हे सगळं एकाच आवारात मिळतं. मासळीसाठी मात्र गणेश पेठ आणि मटणासाठी ज्याचा त्याचा खाटीक.

भाजीच्या गाड्या रात्रीपासून लागायला सुरुवात होते. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पुरंदर इथला माल जवळचा. सातारी आलं ठरलेलं. हिरवी मिरची, कोबी, शेवगा कर्नाटक, गुजरात आणि दक्षिणेकडून येतो, थंडीत गाजर इंदूरकडून, लसूण मध्य प्रदेशातून आणि पुरंदर-वाईचा मटार संपला की परराज्यातला. प्रत्येक डाग, म्हणजे पोतं, क्रेट किंवा करंडी, कुठल्या ना कुठल्या अडत्याच्या गाळ्यावर उतरतो. पहाटे खरेदीदार येतात आणि भाव निघतो. इथे फळभाजीचा भाव दहा किलोचा सांगतात, पालेभाजीचा शेकड्याचा, म्हणजे शंभर जुड्यांचा. वर्तमानपत्रात ‘कोथिंबीर ८०० ते १५००’ असं दिसलं की ते शंभर जुड्यांचं समजावं. एक जुडी आठ ते पंधरा रुपयांना पडली. आणि एकाच सकाळी एकाच भाजीच्या भावात इतकं अंतर का, याचं उत्तर प्रतीत आहे. हॉटेलचा धंदाही प्रतीवरच चालतो, म्हणून तिथे थोडं थांबू.

कांदाच घ्या. सगळ्यात मोठा तो गोळा, मग मोठा, मध्यम, लहान ती गोल्टी आणि डागी, सडका किंवा मोड आलेला तो बदला. घरी आपण मध्यम कांदा निवडतो, कारण एका भाजीला एक पुरतो. हॉटेलला गोळा कांदा लागतो. पन्नास किलो कांदा सोलायचा असेल तर मोठ्या कांद्याचे नग कमी भरतात आणि सोलणाऱ्याचा वेळ वाचतो, फेकले जाणारे टोक-बूडही कमी निघतात. शिवाय सॅलडच्या बशीत चकत्या एकसारख्या दिसतात. गोल्टी स्वस्त असते, पण ती सोलायला माणूस अडकून पडतो. ज्या खानावळीत घरचीच चार माणसं सकाळी बसून कांदा सोलतात, तिथे गोल्टी परवडते. म्हणजे एकाच गाळ्यावर दोन हॉटेलवाले वेगवेगळा कांदा घेतात आणि दोघांचाही हिशोब बरोबर असतो.

टोमॅटो घेणारा सराईत माणूस क्रेटच्या वरच्या थराकडे फारसं बघत नाही. तो हात खाली घालून मधला एक काढतो, अंगठ्यानं देठाजवळ दाबतो आणि परत ठेवतो. देठाजवळ मऊ लागला तर तो माल आज दुपारच्या ग्रेव्हीचा. कडक आणि थोडी हिरवी झाक असलेला असेल तर तो दोन दिवस टिकेल, सॅलडला चालेल. मऊ लाल टोमॅटो ग्रेव्हीला चवीनं उजवा असतो आणि भावानं कमी. त्यामुळे रोज सकाळी स्वतः येणारा माणूस चांगल्या चवीची वस्तू कमी पैशात नेतो, आणि ज्याला दोन दिवसांचा साठा करायचा आहे तो कडक माल जास्त पैसे देऊन घेतो. कोथिंबिरीची जुडी उचलून झटकतात. पाणी मारलेली ओली जुडी जड लागते, दिसते टवटवीत, पण संध्याकाळपर्यंत आतून काळी पडते. तिच्या पानांचा नाकाशी वास घेऊन बघतात. गावरान कोथिंबीर दिसायला बारीक असली तरी तिचा वास मिसळीच्या सँपलमध्येही टिकतो.

आता प्रश्न असा, की खरेदीला कोण येतं? छोट्या खानावळीचा, अमृततुल्याशेजारच्या पोहेवाल्याचा किंवा मिसळवाल्याचा मालक स्वतः येतो. दुचाकीच्या पायाशी एक पोतं, मागे दोन पिशव्या, नाहीतर तिघांत मिळून एक टेम्पो. तो रोखीनं घेतो. अडत, हमाली, तोलाई धरूनही त्याला कांदा शहरात सगळ्यात स्वस्त पडतो. (भाजीपाल्यावरची अडत २०१६ पासून शेतकऱ्याच्या पट्टीतून न कापता खरेदीदाराकडून घेतात, हे इथे लक्षात ठेवायला हवं.) मोठ्या हॉटेलचा शेफ किंवा खरेदी अधिकारी यार्डात क्वचितच दिसतो. त्याच्यासाठी पुरवठादार असतात. ते पहाटे माल घेतात, निवडतात, धुतात, लसूण सोललेला आणि ढोबळी मिरची एका मापाची करून सकाळी नऊच्या आत मागच्या दारात पोहोचवतात. पैसे पंधरा दिवसांनी, महिन्यानं, कधी त्याहून उशिरा. ही निवड, वाहतूक आणि उधारी पुरवठादाराच्या दरात मिसळलेली असते. म्हणून महागड्या हॉटेलला किलोभर कांदा चौकातल्या खानावळीपेक्षा महाग पडतो. ऐकताना उलटं वाटतं, पण धंदा असाच चालतो.

यार्डाचं आणखी एक वेळापत्रक हॉटेलांना पाठ असतं. भाजीपाल्याचा बाजार शनिवारी बंद. रविवारी आवक मोठी. आणि पुणेकर बाहेर जेवायला सगळ्यात जास्त कधी जातो? शनिवारी रात्री. म्हणजे आठवड्यातल्या सर्वांत मोठ्या गर्दीला हॉटेलं शुक्रवारच्या मालावर तोंड देतात, फार तर मंडईतून चढ्या भावानं काही आणून. यात कुणाची लबाडी नाही. कोबी, गाजर, बटाटा, कांदा दोन दिवसांत बिघडत नाहीत. पण पालक, मेथी, कोथिंबीर, पुदिना यांचं तसं नाही. म्हणून मी शनिवारी रात्री पालेभाजीची डिश मागवत नाही, आणि रविवारी दुपारी आवर्जून मागवतो. रविवारच्या जेवणात पालक त्याच पहाटेचा असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

आता थोडी आकडेमोड. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतो. समजा कांदा दहा किलोला २०० रुपये, म्हणजे किलोला २० रुपये. पनीरच्या एका प्लेटच्या ग्रेव्हीत साधारण दीडशे ग्रॅम कांदा जातो, तीन रुपयांचा. कांदा दुप्पट झाला तर तीनाचे सहा झाले. प्लेटची किंमत ३२० रुपये असेल तर ही वाढ एक टक्क्याच्या आसपास. मालकाला ती जाणवत नाही आणि मेन्यूकार्ड बदलावं लागत नाही. आता कांदाभजीची गाडी बघा. प्लेट ३० रुपयांची, तिच्यात शंभर ग्रॅम कांदा, दोन रुपयांचा. तोही दुप्पट झाला की खर्च दोन रुपयांनी वाढला. तीस रुपयांच्या प्लेटमागे तेल, बेसन, गॅस आणि दोन माणसांची मजुरी वजा जाता हातात पाच-सहा रुपये राहत असतील, तर त्यातले दोन गेले. तिसरा हिस्सा एका आठवड्यात नाहीसा. म्हणून कांदा भडकला की भजीत कोबी शिरतो, पोह्यांवरचा कांदा आखडतो आणि उसळीबरोबर मिळणारी कांद्याची वाटी मागितल्याशिवाय येत नाही. स्वस्त खाणं यार्डाच्या भावाला बांधलेलं असतं, ते असं. गाडीवरचा माणूस भाव वाढवायलाही कचरतो, कारण त्याचं गिऱ्हाईक पाच रुपयांनी तुटतं.

मग महाग ताटाची किंमत येते कुठून? हॉटेलधंद्यात ढोबळ हिशोब असा, की बिलाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाचा कच्चा माल असावा. खानावळीत तो निम्म्यावर किंवा त्याहून वर जातो. उरलेल्यात पगार, भाडं, गॅस, वीज, साफसफाई, तूटफूट आणि नफा. गॅसही वेगळा : घरी १४.२ किलोची टाकी येते, हॉटेलला १९ किलोची व्यावसायिक टाकी घ्यावी लागते आणि तिचा दर दर महिन्याला वरखाली होतो. पण सगळ्यात मोठा फरक खुर्चीचा असतो. समजा जागेचं भाडं महिन्याला दोन लाख आणि खुर्च्या चाळीस. एका खुर्चीला महिन्याचे पाच हजार, दिवसाचे सुमारे १६७. खानावळीत एका खुर्चीवर दिवसात दहा माणसं जेवून उठतात, म्हणजे माणशी १७ रुपये. जिथे लोक दोन तास गप्पा मारत बसतात तिथे ती खुर्ची दिवसात दोनदाच भरते, माणशी ८३ रुपये. त्यात खानावळीचं भाडं कमी आणि कोरेगाव पार्काचं जास्त. आपण शांतपणे बसलेल्या वेळेचे पैसे देतो, यात गैर काही नाही. वाढदिवसाला, जुन्या मित्राला भेटायला, आईवडिलांना निवांत जेवू घालायला ती जागा लागतेच. फक्त ‘इथला कांदा वेगळा असेल’ असं मनात धरून पैसे देऊ नयेत.

महाग हॉटेलांची बाजूही न्यायानं मांडायला हवी. त्यांच्या पानात काही वस्तू खरोखर वेगळ्या असतात. ब्रोकोली, झुकिनी, आइसबर्ग लेट्यूस, लाल-पिवळी ढोबळी मिरची पुण्याच्या आसपासच्या पॉलिहाऊसांतून येते. तिचा भाव देशी भाजीच्या कितीतरी पट आणि आयुष्य कमी. तिच्यातलं बरंच फेकलं जातं आणि त्या फेकलेल्याची किंमत उरलेल्या प्लेटांत जाते. शिवाय चाळीस पदार्थांचं मेन्यूकार्ड म्हणजे चाळीस पदार्थांचं सामान रोज तयार ठेवणं, मग कुणी मागवो न मागवो. खानावळीत आज दोडका म्हणजे सगळ्यांना दोडका, त्यामुळे दुपारी तीनला पातेलं रिकामं. मला स्वतःला छोटं मेन्यूकार्ड बघितलं की भरवसा वाटतो, मग ते हॉटेल पेठेतलं असो की पंचतारांकित.

बिलाबद्दल चार गोष्टी इथेच सांगून टाकतो. स्वतंत्र रेस्टॉरंटच्या बिलावर जीएसटी पाच टक्के लागतो, अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. नोव्हेंबर २०१७ पासून हा दर आहे आणि त्यात हॉटेलला स्वतःच्या खरेदीवर भरलेला कर वजा करून घेता येत नाही, त्यामुळे तो मेन्यूच्या दरात आधीच धरलेला असतो. ज्या मोठ्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७५०० रुपयांच्या वर, तिथल्या रेस्टॉरंटात १८ टक्के. छोटे हॉटेलवाले कंपोझिशन योजनेत असतील तर त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. बिलावर तसं छापलेलं असतं, आणि तरी कर लावला असेल तर विचारायला संकोच करू नये. सेवाशुल्क हा कर नव्हे. ते आपोआप बिलात घालू नये, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते मान्य केलं. द्यायचं असेल तर वेटरच्या हातात द्यावं. आणि बिलावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असायला हवा.

आता यार्डातल्या माणसाच्या जेवणाकडे वळतो. ज्यांच्या पाठीवरून हा सगळा माल उतरतो, ते हमाल खेड्यांतून एकटे आलेले. बायकामुलं गावी, राहायला खोलीत दहा जणांत जागा. दिवसभर पोती वाहून भूक दांडगी आणि खिसा हलका. डॉ. बाबा आढाव यांनी पन्नासच्या दशकात हमाल पंचायत उभी केली, तेव्हापासून मजुरीचे दर, माथाडी कायदा, पोत्याचं ओझं कमी करणं अशा लढायांबरोबर जेवणाचा प्रश्नही समोर होताच. शंभर किलोचं पोतं पन्नास किलोवर आणायला किती वर्षं भांडावं लागलं, हे यार्डातले जुने लोक सांगतात. त्या संघटनेनं १९७४ साली भवानी पेठेत ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. ना नफा, ना तोटा या तत्त्वावर चालणारं जेवण. भाकरी, झुणका, चपाती, भाजी, डाळ, भात. पुढे शहरात जिथे जिथे कष्टकऱ्यांची गर्दी तिथे तिथे तिची केंद्रं झाली. विद्यार्थी, रिक्षावाले, दवाखान्यात आलेले खेड्यातले नातेवाईक असे सगळेच तिथे जेवू लागले.

पन्नास वर्षं एखादं अन्नकेंद्र नफ्याशिवाय कसं टिकतं, हे समजून घ्यावं असं आहे. पहिली गोष्ट म्हणजे नफ्याचा हिस्सा किमतीतून काढून टाकलेला. दुसरी, खुर्चीचा खर्च जवळजवळ नाही. माणूस येतो, जेवतो, उठतो, बरेच जण बांधून नेतात. तिसरी, पदार्थ थोडे आणि खप मोठा, त्यामुळे वाया काही जात नाही. चौथी गोष्ट यार्डाशी जोडलेली : ही माणसं बाजारातलीच आहेत. कुठल्या दिवशी काय उतरलं आणि कुठल्या मालाचा भाव पडला, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. आणि जेवणाऱ्यांत संघटनेचे सभासदही असतात, त्यामुळे डाळ पातळ झाली तर ते सभेत उभे राहून बोलतात. महाग हॉटेलला जितके अभिप्राय मिळत नसतील तितकी तपासणी इथे रोज होते. स्वयंपाकात आणि वाढपात मोठा वाटा बायकांचा, त्यांना नियमित रोजगार. माझ्या मते पुण्याच्या बाहेर जेवण्याच्या इतिहासात ज्या जागांची नावं अभिमानानं घेतली जातात, त्यांत या केंद्राचं नाव पहिल्या ओळीत हवं. ते तिथे घेतलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

त्यातली भाकरी जरा जवळून बघा. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही. म्हणून पिठात गरम पाणी घालतात, तळहातानं रगडून मळतात आणि गोळा लगेच थापतात. मळून ठेवलेलं पीठ तासाभरात तुटायला लागतं. थापलेली भाकरी तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवतात, पाणी सुकत आलं की उलटतात आणि शेवटी विस्तवावर धरून फुगवतात. प्रत्येक भाकरीला एक माणूस लागतो, आणि तोही शिकलेला. पीठ आधी मळून, लाटून, रचून ठेवणं शक्य नाही. त्यामुळे हॉटेलात भाकरी तंदुरी रोटीपेक्षा महाग दिसली तर ती लूट समजू नये. शिवाय अलीकडे बऱ्याचदा ज्वारीच गव्हापेक्षा महाग असते. जी भाकरी एकेकाळी गरिबाची म्हणून ओळखली जायची, ती आज हुरड्याच्या पार्टीत आणि गावरान थाळीच्या हॉटेलांत चारशे-पाचशेच्या ताटात मानानं बसते. हमालाच्या ताटात तीच भाकरी परवडेल अशा दरात ठेवणं किती अवघड असेल, याचा अंदाज यावरून येईल.

सरकारनंही हा प्रयत्न दोनदा केला. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर आली. काही वर्षांत योजना बंद पडली आणि बऱ्याच टपऱ्यांवर वडापाव-चहा सुरू झाला. मग २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी : तीसतीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, शंभर ग्रॅम वरण, दीडशे ग्रॅम भात, गिऱ्हाइकाला दहा रुपये. शहरात या थाळीची किंमत पन्नास रुपये धरलेली, वरचे चाळीस सरकार देणार. हा आकडा आपल्या कामाचा आहे. नफ्याची फारशी आशा न धरता, साधं, मोजकं जेवण शहरात द्यायचं तर २०२० साली पन्नास रुपये लागतात, असं सरकारच्याच हिशोबात निघालं. त्यानंतर तेल, डाळ, गॅस सगळंच वर गेलं. तेव्हा कुणी साठ-सत्तर रुपयांत पोटभर राइस प्लेट देत असेल तर तो माणूस आपल्या झोपेतून आणि घरच्यांच्या श्रमातून ती तूट भरून काढतो, हे समजून त्याच्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालू नये.

गूळ-भुसार विभागाबद्दलही सांगायला हवं, कारण स्वस्त जेवणाचा निम्मा पाया तिथे आहे. खानावळवाला तांदूळ तीस किंवा पन्नास किलोच्या कट्ट्यात घेतो. जुलै २०२२ मध्ये पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-कडधान्यावर पाच टक्के जीएसटी लागला, पण पंचवीस किलोपर्यंतच्या पिशवीला. मोठा कट्टा त्यातून सुटला. याच विभागातल्या व्यापाऱ्यांची संस्था, दि पूना मर्चंट्स चेंबर, दर दिवाळीत लाडू आणि चिवडा ना नफा-ना तोटा दरानं विकते. बेसन, तेल, साखर, पोहे घाऊक भावात गोळा होतात, मोठ्या भटारखान्यात कारागीर अहोरात्र राबतात आणि पुण्यातल्या हजारो घरांत तो फराळ जातो. बाजारात फराळाचे भाव फार वर जाऊ न देण्यात या एका उपक्रमाचा हात आहे, असं मला वाटतं. दारात शेजाऱ्यानं कमी भाव लावला की मिठाईवाल्यालाही हात आखडता घ्यावा लागतो.

इतकं समजल्यावर बाहेर जेवताना करायचं काय? पहिलं म्हणजे आवकेच्या मागे जावं. डिसेंबर-जानेवारीत मटार, गाजर, वांगी, मेथी यांची रेलचेल असते. तेव्हा मटार उसळ, भरली वांगी मागवावीत, ती चवीला सर्वांत चांगली आणि हॉटेललाही परवडणारी असतात. एप्रिल-मेमध्ये यार्डात रत्नागिरी-देवगडचा हापूस उतरतो, तेव्हा थाळीबरोबरचा आमरस ताज्या आंब्याचा असण्याची आशा. तोच आमरस ऑक्टोबरात मिळाला तर तो डब्यातला. पावसाळ्यात पालेभाजी भिजून येते आणि भाव चढतो, तेव्हा कडधान्याच्या उसळी, पिठलं, आमटी यांच्याकडे वळावं. पुरंदरच्या सीताफळाच्या दिवसांत सीताफळ रबडी, एरवी नको. महाग हॉटेलात वेटरला विचारायला हरकत नाही : आज ताजं काय आलंय? जिथे या प्रश्नाचं नीट उत्तर मिळतं, तिथे स्वयंपाकघराचं बाजाराशी नातं शाबूत आहे.

दुसरं, खानावळ निवडताना सजावट बघू नये. दुपारी बाराला कोण जेवतंय ते बघावं. टेम्पोवाले, हमाल, गाळ्यांवरचे दिवाणजी, आसपासच्या दुकानांतली पोरं जिथे रोज बसतात तिथला माल शिळा राहूच शकत नाही, कारण ही गिऱ्हाइकं सकाळी तोच माल बघून आलेली असतात. अडीच वाजता भाजी संपल्याची पाटी लागली तर ती चांगली खूण. रात्री अकरालाही सगळेच पदार्थ मिळत असतील तर शीतकपाटाचा आकार मोठा आहे, इतकाच त्याचा अर्थ.

पुण्यात राहणाऱ्यांना एक आग्रहाची विनंती आहे. मेट्रो आता स्वारगेटपर्यंत आली आहे, तिथून यार्ड जवळ आहे. एखाद्या सुट्टीच्या दिवशी, शनिवार सोडून, पहाटे मुलांना घेऊन यार्डात जा. हमालांच्या वाटेत उभं राहू नका, फोटोसाठी त्यांना थांबवू नका. कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर दहा किलोचा भाव विचारा, पालेभाजीचा शेकडा विचारा आणि लक्षात ठेवा. मग भूक लागली की शहरातल्या ‘कष्टाची भाकर’च्या केंद्रावर भाकरी-झुणका खा, पैसे मोजा, ताट स्वतः उचला. त्याच संध्याकाळी हवं तर चांगल्या हॉटेलातही जा. दोन्ही बिलं मुलांच्या हातात द्या आणि त्यांना हिशोब करू द्या.